दोनाचे तीन होतात, एकाचे होत नाहीत

जुनी लेथ स्वस्तात मिळाली, मोटर तीन फेजची निघाली आणि घरामागच्या शेडमध्ये मीटर मात्र सिंगल फेजचा. अशा वेळी माणूस इलेक्ट्रिकच्या दुकानात जातो आणि विचारतो, "सिंगलचं थ्री फेज करणारा ट्रान्सफॉर्मर आहे का?" दुकानदार भला असेल तर नाही म्हणतो. नसेल तर एखादा जड डबा पुढे सरकवतो. डब्यात खरोखर नुसता ट्रान्सफॉर्मरच असेल, तर त्या मोटरसाठी तो निरुपयोगी आहे, मग त्याच्यावर कितीही टर्मिनलं काढलेली असोत.

पण म्हणून ट्रान्सफॉर्मरला फेजची संख्या बदलता येत नाही असे नव्हे. तीनाचे दोन, दोनाचे तीन, तीनाचे सहा किंवा बारा ही कामे तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ करतो आहे. कोणते जमते आणि कोणते जमत नाही यामागे एकच नियम आहे. तो कळला की फसवणूक टळते आणि योग्य ठिकाणी योग्य यंत्र बसवता येते. छोटे वर्कशॉप चालवणारे, शेतकरी, वायरमन आणि आयटीआय-डिप्लोमाचे विद्यार्थी यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे.

नियम एकच: हाती किमान दोन दिशा हव्यात

एसी व्होल्टेजला मोठेपणा असतो तशी फेजची दिशाही असते. ती आपण कागदावर बाणाने दाखवतो. तीन फेज म्हणजे एकमेकांशी १२० अंशांचा कोन करणारे तीन बाण. ट्रान्सफॉर्मर बाणाची लांबी कमी-जास्त करतो, आणि टोके उलटी जोडली तर बाण उलटा फिरवतो. त्यापलीकडे तो काही करत नाही. बाणाला मधल्याच एखाद्या कोनात वळवणे एकट्या ट्रान्सफॉर्मरच्या हातात नाही.

मात्र वेगवेगळ्या दिशांचे दोन बाण हाती असले, तर त्यांचे योग्य प्रमाणात तुकडे घेऊन बेरीज-वजाबाकी करता येते आणि त्यातून हवी ती दिशा उभी करता येते. शेताच्या एका बांधावरून कितीही पुढे-मागे चाललात तरी शेताच्या मध्यात पोहोचत नाही. आडवा दुसरा बांध मिळाला की कोणत्याही जागी जाता येते. सिंगल फेज म्हणजे तो एकच बांध. तिथे कितीही वाइंडिंग घाला, मिळणारे प्रत्येक व्होल्टेज एक तर मूळ दिशेचे असते, नाही तर बरोबर उलट.

दुसरे कारण शक्तीचे आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात सिंगल फेजची शक्ती सेकंदाला १०० वेळा उसळते आणि तितक्याच वेळा शून्यावर येते. समतोल तीन फेजमध्ये एकूण शक्ती क्षणोक्षणी सारखीच राहते. उसळणाऱ्या शक्तीतून स्थिर शक्ती काढायची, तर मधल्या खड्ड्यांत पुरवायला कुठे तरी ऊर्जा साठवलेली हवी. ट्रान्सफॉर्मर ऊर्जा साठवत नाही, आली तशी पुढे ढकलतो. म्हणून एकाचे तीन करायचे असतील तर कपॅसिटर किंवा फिरते चाक यांपैकी काही तरी लागतेच.

मल्टिमीटरने फेज ओळखा

समोरच्या आर, वाय, बी या तीन टर्मिनलांवर खरोखर तीन फेज आहेत का, हे साध्या मल्टिमीटरने कळते. हे मोजमाप चालू लाइनवर होते, त्यामुळे ते लायसन्स असलेल्या वायरमननेच करावे. मोटर आणि इतर सगळा लोड बंद ठेवून आर-वाय, वाय-बी आणि बी-आर ही तीन व्होल्टेज मोजा.

तिन्ही जवळपास सारखी आली, तर तीन फेज आहेत. सर्वांत मोठे व्होल्टेज उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतके आले, तर तिन्ही टर्मिनलं एकाच दिशेवर आहेत, म्हणजे पुरवठा सिंगल फेजच आहे. उदाहरणार्थ, मध्ये टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या तीन टोकांवर ४६०, २३० आणि २३० मिळतील. टोके तीन, दिशा एक.

गावात याचे उदाहरण वारंवार दिसते. डीपीवरचा, म्हणजे गावच्या वितरण ट्रान्सफॉर्मरवरचा, एक डीओ (फ्यूज) उडाला की काही घरांत दिवे पूर्ण तेजाने लागतात आणि काही घरांत मंद. आपल्या वितरण ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीची बाजू डेल्टा आणि खालची स्टार असते. वरचा एक फेज गेला की डेल्टातल्या एका वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळते, तर उरलेली दोन सिरीजमध्ये पडून प्रत्येकी अर्ध्यावर येतात. खाली न्यूट्रलपासून मोजले तर साधारण २४०, १२०, १२० असे आकडे येतात. तिन्ही तारांत करंट असतो, टेस्टर तिन्हींवर पेटतो, पण तीन फेज राहिलेले नसतात. फेज ते फेज मोजा: ३६०, ३६० आणि शून्य. मोठा आकडा उरलेल्या दोहोंच्या बेरजेइतकाच. डीपीत ट्रान्सफॉर्मर जागेवर असूनही तो हरवलेला फेज परत बनवू शकत नाही, हा आपला नियम तिथेच सिद्ध होतो.

मोटर बंद ठेवून मोजायला सांगितले त्याला कारण आहे. तीन फेजची मोटर फिरत असताना एक फेज गेला, तर ती तो फेज स्वतःच्या वाइंडिंगमध्ये बऱ्याच अंशी निर्माण करते आणि मल्टिमीटर सगळे ठीक असल्याचे दाखवतो. तेवढ्यात उरलेल्या दोन तारांतला प्रवाह वाढून मोटर जळते. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर यासाठीच असतो. "सारखा ट्रिप होतो" म्हणून तो बायपास करणे म्हणजे रिवाइंडिंगवाल्याला आगाऊ पैसे देणे.

तीनाचे दोन: स्कॉट जोडणी

इथे 'दोन फेज' म्हणजे एकमेकांशी ९० अंशांत असलेली दोन व्होल्टेज. गावात तिसरा फेज गेल्यावर ज्याला टू फेज म्हणतात ते हे नव्हे.

अमेरिकेत सुरुवातीला दोन फेजची यंत्रणा जोरात होती. नायगरा धबधब्यावरचे १८९५ मध्ये सुरू झालेले जनित्र-संच दोन फेजचे, २५ हर्ट्झचे होते. पण लांबवर वीज न्यायला तीन फेज स्वस्त पडतात, कारण तांबे कमी लागते. वेस्टिंगहाउस कंपनीतले अभियंता चार्ल्स स्कॉट यांनी १८९४ मध्ये दोन ट्रान्सफॉर्मरांची एक जोडणी मांडली, आणि १८९६ मध्ये नायगराची वीज याच पद्धतीने तीन फेज होऊन बफेलो शहरात पोहोचली. पुढे दोन फेजची यंत्रणा मागे पडली, पण ही जोडणी टिकली, कारण तीन फेजच्या लाइनवर दोन मोठे सिंगल फेज लोड समतोल राखून चालवायचे झाले तर तिच्याइतका सोपा उपाय नाही.

रचना अशी. पहिला ट्रान्सफॉर्मर 'मेन'. त्याची प्रायमरी वाय आणि बी यांच्यामध्ये जोडायची आणि तिच्या बरोबर मध्यावर टॅप काढायचा. दुसरा 'टीझर'. त्याच्या प्रायमरीचे एक टोक आर ला, दुसरे मेनच्या मध्यटॅपला. वाय-बी या रेषेच्या मध्यापासून आर पर्यंतचा बाण त्या रेषेला बरोबर काटकोनात असतो आणि त्याची लांबी ०.८६६ पट भरते. म्हणून टीझरच्या प्रायमरीला मेनच्या ८६.६ टक्के वेढे लागतात. दोन्ही सेकंडरी सारख्या ठेवल्या की सारख्या मापाची, ९० अंशांतली दोन व्होल्टेज मिळतात.

आकडे घालून पाहू. ४१५ व्होल्टची लाइन आहे आणि २३० व्होल्टच्या, प्रत्येकी १० किलोवॅटच्या हीटर असलेल्या दोन भट्ट्या चालवायच्या आहेत. त्या सरळ आर-न्यूट्रल आणि वाय-न्यूट्रल अशा जोडल्या, तर दोन फेजमध्ये ४३.५ अँपिअर, तिसऱ्यात शून्य आणि न्यूट्रलमध्येही ४३.५ अँपिअर. स्कॉट जोडणीत टीझरची प्रायमरी ३५९ व्होल्टची, म्हणून तिच्यात १०,००० भागिले ३५९, म्हणजे २७.८ अँपिअर. मेनच्या प्रायमरीत स्वतःच्या लोडचे २४.१ अँपिअर, शिवाय टीझरच्या प्रवाहाचा अर्धा वाटा १३.९ अँपिअर. हे दोन्ही काटकोनात असल्याने त्यांची बेरीज पायथागोरसच्या रीतीने होते आणि उत्तर पुन्हा २७.८ येते. तिन्ही फेजमध्ये २७.८ अँपिअर, आणि न्यूट्रलची गरजच नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मेनची प्रायमरी १० केव्हीएच्या हिशेबाने गुंडाळून चालत नाही. ती २७.८ अँपिअर आणि ४१५ व्होल्टची, म्हणजे ११.५५ केव्हीएची लागते, साडेपंधरा टक्के जास्त. दुसरी, समतोल दोन्ही लोड सारखे असतील तोवरच टिकतो. फक्त मेनवरची भट्टी चालू असेल तर आर मध्ये शून्य आणि वाय-बी मध्ये २४.१ अँपिअर. फक्त टीझरवरची चालू असेल तर आर मध्ये २७.८ आणि इतर दोहोंत १३.९. एक भट्टी दिवसा आणि दुसरी रात्री चालणार असेल, तर स्कॉटवर केलेला खर्च वाया गेला.

या असमतोलाची फिकीर का करायची? कारण त्याच लाइनवर शेजारच्या मोटरी असतात. लाइनच्या व्होल्टेजमध्ये एक टक्का असमतोल असला, तर तीन फेजच्या मोटरच्या प्रवाहात साधारण सहा ते दहा टक्के असमतोल येतो. मोटर तापते, आणि दोष मात्र मोटरवर ढकलला जातो.

वाइंडिंग करून घेताना

ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याला नुसते "स्कॉट करून द्या" म्हणू नका. पुढच्या गोष्टी लिहून द्या.

१. मेन आणि टीझर यांचे कोअर वेगवेगळे हवेत. तीन फेजच्या तीन पायांच्या कोअरवरच हे काम करायचे असेल तर त्यासाठी 'ल ब्लांक' नावाची वेगळी जोडणी आहे. तिचे गणित निराळे, दोहोंची सरमिसळ करू नये.

२. वेढे ९० च्या पटीत ठेवले तर टॅप नेमक्या वेढ्यावर येतात. समजा मेनचे १८० वेढे. मध्यटॅप ९० वर. टीझरचे १५६ वेढे, म्हणजे ८६.६७ टक्के, जे पुरेसे अचूक आहे. प्रायमरीला न्यूट्रल हवा असेल तर तो टीझरवर, मेनला जोडलेल्या टोकापासून एक तृतीयांशावर, म्हणजे ५२ व्या वेढ्यावर मिळतो.

३. मेनच्या प्रायमरीचे दोन अर्धे भाग एकमेकांत मिसळून गुंडाळा. टीझरचा प्रवाह मध्यटॅपवर दुभंगून दोन्ही अर्ध्यांत विरुद्ध दिशेने जातो. हे अर्धे कोअरवर लांब लांब बसवले तर लीकेज वाढते आणि लोडवर व्होल्टेज पडते.

४. जोडून झाल्यावर लोडशिवाय तपासा. दोन्ही सेकंडरींची एक-एक टोके एकत्र जोडा आणि उरलेल्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजा. प्रत्येकी २३० असतील तर २३० गुणिले १.४१४, म्हणजे ३२५ व्होल्ट यायला हवे. ३२५ आले तर कोन ९० अंशांचा आहे. ४३० किंवा २५० च्या आसपास आले तर टीझर मध्यटॅपला न जोडता कुठल्या तरी फेजला जोडला गेला आहे. कॉलेजच्या लॅबमध्येही फेजर डायग्रॅम काढण्याआधी हा एक आकडा घेतला, तर जोडणी चुकली आहे का ते लगेच कळते.

दोन दिशा पुरतात याचा आणखी एक उपयोग अडचणीच्या वेळी होतो. २५ केव्हीएच्या तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मरांची डेल्टा बँक असेल आणि त्यातला एक जळाला, तर उरलेले दोन 'ओपन डेल्टा'त ठेवून तीन फेजचा पुरवठा चालू राहतो. मात्र ७५ केव्हीएच्या जागी ५० न मिळता ४३.३ केव्हीएच मिळतात. लोड तेवढा उतरवायलाच हवा.

रेल्वेमध्ये हाच प्रश्न

आपल्या विद्युत रेल्वेची ओव्हरहेड वायर २५ केव्ही, सिंगल फेज असते. महापारेषणसारख्या कंपन्यांकडून येणारा पुरवठा तीन फेजचा. रेल्वेचे उपकेंद्र त्यातले दोनच फेज घेऊन ट्रान्सफॉर्मरने २५ केव्ही करते. सगळी उपकेंद्रे तेच दोन फेज घेऊ लागली तर ग्रिड एका बाजूला झुकेल, म्हणून एक उपकेंद्र आर-वाय, पुढचे वाय-बी, त्यापुढचे बी-आर असा क्रम लावतात. दोन वेगवेगळ्या फेजच्या वायरी एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये 'न्यूट्रल सेक्शन' असतो. तिथे रुळांच्या कडेला 'डीजे ओपन'चा फलक दिसतो. डीजे म्हणजे इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर. तो उघडून गाडी वेगाच्या जोरावर तेवढा तुकडा पार करते. जपानच्या शिंकानसेनच्या उपकेंद्रांत ग्रिडचा समतोल राखण्याच्या कामासाठी स्कॉट जोडणी वापरली गेली: एक फेज एका बाजूच्या मार्गाला, दुसरा दुसऱ्या बाजूच्या.

इंजिनाच्या आत उलटा प्रश्न उभा राहतो. वायर सिंगल फेज, तर मोटरी तीन फेजच्या. इंजिनात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, पण तो व्होल्टेज उतरवण्याचेच काम करतो. डब्ल्यूएएम-४ सारख्या जुन्या इंजिनांत ब्लोअर आणि कॉम्प्रेसरच्या तीन फेज मोटरींसाठी 'आर्नो कन्व्हर्टर' नावाचे सतत फिरणारे यंत्र बसवलेले असे. डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ या नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर आधी डीसी करतो आणि मग त्यातून तीन फेज घडवतो. हजारो अश्वशक्तीच्या इंजिनालाही एकाचे तीन करायला नुसता ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, तिथे शेडमधल्या लेथला तो कसा पुरेल?

तीनाचे सहा, तीनाचे बारा

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यांना आणि डीसीवर चालणाऱ्या मेट्रोंना एसीचे डीसी करावे लागते. तीन फेजच्या साध्या ब्रिज रेक्टिफायरमधून एका आवर्तनात सहा लाटा येतात आणि लाइनवर पाचव्या-सातव्या क्रमांकाचे हार्मोनिक्स जातात. त्याच ट्रान्सफॉर्मरवर एक सेकंडरी स्टार आणि दुसरी डेल्टा ठेवली, की दोहोंमध्ये ३० अंशांचा फरक पडतो. दोन ब्रिज मिळून बारा लाटा होतात. पाचवे-सातवे हार्मोनिक्स ट्रान्सफॉर्मरमध्येच एकमेकांना बहुतांशी मारतात आणि लाइनवर मुख्यतः अकरावे-तेरावे उरतात, जे आकाराने लहान असतात.

यात वाइंडिंगवाल्याची परीक्षा वेढ्यांच्या प्रमाणात असते. दोन्ही सेकंडरींचे लाइन व्होल्टेज सारखे यायचे तर डेल्टाला स्टारच्या १.७३२ पट वेढे लागतात. वेढा अर्धा घालता येत नाही. ४ ला ७ घेतले तर एक टक्का चूक राहते आणि जास्त व्होल्टेजचा ब्रिज जास्त प्रवाह ओढून तापतो. १५ ला २६ घेतले तर चूक ०.१ टक्क्याच्याही आत येते. जाड पट्टीच्या, कमी वेढ्यांच्या सेकंडरीत हा हिशेब आधीच करावा लागतो. ऑर्डर देताना दोन्ही सेकंडरींचे लोडशिवायचे व्होल्टेज टेस्ट रिपोर्टवर मागून घ्या.

मग एकाचे तीन कसे करायचे?

पहिला उपाय अर्ज. लाइन जवळ असेल आणि काम रोजचे असेल, तर महावितरणकडे तीन फेजचे कनेक्शन मागणे हाच बहुतेकांना दीर्घ पल्ल्यात स्वस्त पडणारा मार्ग आहे. ते शक्य नसेल तर पुढचे पर्याय.

व्हीएफडी: तीन अश्वशक्तीपर्यंत हा सर्वांत सुटसुटीत पर्याय. हा डबा सिंगल फेज घेतो, डीसी करून कपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून तीन फेज घडवतो. सौर पंपाचा कंट्रोलरही पॅनलच्या डीसीवर शेवटचे हेच काम करतो. पण २३० व्होल्टच्या व्हीएफडीतून २३० व्होल्टचेच तीन फेज मिळतात, म्हणून आधी मोटरची नेमप्लेट वाचा. आपल्याकडच्या तीन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरींवर बहुधा '४१५ व्होल्ट, स्टार' असे लिहिलेले असते. टर्मिनल बॉक्स उघडा. सहा स्टड दिसतील. तीन स्टड एका आडव्या पट्टीने जोडलेले असले तर ती स्टार. पट्ट्या काढून समोरासमोरच्या जोड्या तीन उभ्या पट्ट्यांनी जोडल्या की डेल्टा झाली, आणि तीच मोटर २४० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते. नेमप्लेटवर '४१५ व्होल्ट, डेल्टा' असेल तर ही युक्ती चालत नाही.

वायरिंगचाही विचार करा. २.२ किलोवॅटची मोटर पूर्ण लोडवर असताना व्हीएफडी सिंगल फेजमधून २० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, म्हणजे भिंतीवरचा १६ अँपिअरचा पॉवर प्लग त्याला पुरत नाही. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्की अर्थिंग हवी. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना स्टार्टर किंवा लेथचा फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नका. चालू असताना तो उघडला तर व्हीएफडी जाऊ शकतो. सुलटे-उलटे फिरवण्याची आज्ञा व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरून द्या.

सबमर्सिबल पंपातून बहुधा तीनच तारा बाहेर येतात, त्यामुळे आतली जोडणी बदलता येत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मरला खरे काम मिळते: २३० चे ४१५ व्होल्ट करणे. पुढे ४१५ व्होल्टचा व्हीएफडी बसवून त्याच्या इनपुटच्या दोनच टर्मिनलांवर पुरवठा द्यायचा. एकाच फेजवर चालवायचे असल्याने व्हीएफडी मोटरच्या साधारण दुप्पट रेटिंगचा घ्यावा, आणि त्या मॉडेलला सिंगल फेज इनपुट चालतो हे कंपनीच्या माहितीपत्रकात आधी पाहावे. पाच अश्वशक्तीच्या पंपाला यातून ३० अँपिअरच्या आसपास लागतात. हा लोड मंजुरीशिवाय गावठाणच्या लाइनवर टाकू नये. आपला पंप चालेल, पण आळीतल्या पंख्यांची आणि फ्रिजची वाट लागेल.

कंडेन्सर: मोटरच्या तिसऱ्या टर्मिनलला कंडेन्सर (म्हणजेच कपॅसिटर) लावून काम भागवण्याची रीत जुनी आहे. डेल्टात जोडलेल्या मोटरला २३० व्होल्टवर किलोवॅटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरड हा ढोबळ नियम. मोटर नेमप्लेटच्या ६० ते ७० टक्केच काम देते, सुरू होताना जोर कमी असतो आणि लोड बदलला की फेजचा कोनही बिघडतो. छोटा ग्राइंडर किंवा पंखा यांना ठीक. कॉम्प्रेसरला आणि खोल बोअरच्या पंपाला नको. तीन फेजचा पुरवठा बंद असण्याच्या वेळात उरलेल्या तारांवर कंडेन्सर लावून पंप ओढणे तर डीपी जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

रोटरी कन्व्हर्टर: एक मोठी तीन फेज मोटर सिंगल फेजवर रिकामी फिरवत ठेवायची आणि तिच्या तिसऱ्या टर्मिनलवरून तिसरा फेज घ्यायचा. आर्नोचीच ही पद्धत. अनेक यंत्रे एकाच ठिकाणी असलेल्या वर्कशॉपला ती उपयोगी पडते, पण ती मोटर काम नसतानाही वीज खाते आणि आवाज करते.

पैसे देण्याआधी

कोणताही 'फेज कन्व्हर्टर' घेण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: पुरवठ्यात मोजलेली तीन व्होल्टेज, मोटरच्या नेमप्लेटवरचा व्होल्टेज-अँपिअर-जोडणीचा मजकूर, ती रोज किती तास चालणार, आणि सुरू होताना तिच्यावर लोड असतो की नाही. मग विकणाऱ्याला विचारा, "यात काय आहे? ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर, की व्हीएफडी?" पुरवठा सिंगल फेज असताना "नुसता ट्रान्सफॉर्मर" असे उत्तर आले, तर तिथून निघा. उत्तर पटले तर स्वतःच्या मोटरवर, पूर्ण लोड देऊन, अर्धा तास चाचणी मागा. क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांचा प्रवाह मोजा. तो नेमप्लेटच्या आत आणि तिन्हींत जवळपास सारखा आला, तर ते आकडे बिलावर लिहून घ्या आणि मगच पैसे द्या.